पाच पाटांचे कोडे

घोडपदेवच्या आमच्या चाळीत रविवारचे जेवण म्हणजे एक सोहळा असे. एरवी ज्याला जशी सवड मिळेल तसा तो जेवे. वडिलांची गोदीतली पाळी, थोरल्याची गिरणीतली पाळी आणि आमची शाळा यांचा मेळ कधी बसतच नसे. रविवारी मात्र भिंतीलगत पाच पाट मांडले जात. आम्ही भावंडे पाच. दाराजवळच्या पाटाला वारा लागे, मोरीजवळच्या पाटावर शिंतोडे उडत, आणि आईच्या हाताशी जो पाट येई त्यावरच्या भाग्यवंताच्या वाटीत रस्सा सर्वांत आधी पडे. साहजिकच दर रविवारी पाटांवरून तंटा ठरलेला. शेवटी वडिलांनी नियम घालून दिला. दर रविवारी प्रत्येकाने एक पाट पुढे सरकायचे, शेवटच्याने पहिल्यावर यायचे. पाच रविवारी फेरा पुरा. प्रत्येकाला प्रत्येक पाट मिळणार, तक्रारीला जागा नाही.

हा नियम दीड-दोन महिने चालला. मग एका रविवारी माझ्या दोन भावंडांनी संगनमत करून शेजारशेजारच्या जागा गुपचूप बदलल्या. पुढच्या रविवारी दुसऱ्या दोघांनी तेच केले. बघता बघता कोणाच्या शेजारी कोण, याचा काही धरबंध उरला नाही. वडील कपाळावर हात मारून म्हणाले, एकदा का दोघांनी जागा बदलल्या की सगळेच बिघडते. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण त्या दिवशी ते जे बोलले, ते एका फ्रेंच मुलाच्या गणिताच्या अगदी दाराशी जाऊन पोहोचले होते. मला हे कळायला मात्र पुढे वीस वर्षे जावी लागली.

त्या मुलाचे नाव एव्हारिस्त गाल्वा. जन्म १८११ चा, मृत्यू १८३२ चा. अवघे वीस वर्षे सात महिने इतके आयुष्य. मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत गणित शिकवत असताना फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ई. टी. बेल यांचे ‘मेन ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक हाती लागले. त्यात गाल्वावर एक प्रकरण होते. द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री, मरण समोर दिसत असताना, या पोराने मेणबत्तीच्या उजेडात आपले सारे गणित कागदावर उतरवले, अशी ती चित्तथरारक कथा. मी ती रात्रशाळेतल्या मुलांना कितीदा सांगितली असेल! पुढे कळले की ती कथा तशी खरी नव्हती. खरी हकिकत कमी नाट्यमय आहे, पण जास्त चटका लावणारी आहे.

दहा हातांचा शंकर

गाल्वाकडे जाण्याआधी थोडे आपल्या अंगणात डोकावू या. घोडपदेवहून भायखळ्याच्या राणीच्या बागेत पायी जाता येते. तिथल्या वस्तुसंग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. याच भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, हे त्या लेखामुळे जगाला कळले.

या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यात एक मजेदार उदाहरण येते. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ अशी दहा वेगवेगळी आयुधे आहेत. ती हातांत अदलून बदलून दिली, तर शंकराची रूपे किती होतील? आणि विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल केली तर किती? विष्णूची २४ आणि शंकराची ३६ लाख २८ हजार ८००. संध्येत केशव-नारायणापासून जी चोवीस नावे घेतली जातात, त्यांच्या मूर्ती याच चार आयुधांच्या क्रमावरून ओळखल्या जातात. तेव्हा वस्तूंची अदलाबदल मोजणे हे आपल्याकडे ११५० सालीच पाठ्यपुस्तकात होते. पाच पाटांवर पाच भावंडे बसवण्याच्या रीती १२०, हे लीलावती वाचणारा विद्यार्थी चुटकीसरशी सांगे.

गाल्वाने जो प्रश्न विचारला तो याच्या पुढचा. एकूण अदलाबदली किती, हे तर झालेच. पण काही ठरावीक अदलाबदलींनाच परवानगी दिली आणि काही छोट्या अदलाबदलींना साफ मनाई केली, तर उरलेला संच जास्तीत जास्त केवढा असू शकतो? हा पोरखेळ वाटावा असा प्रश्न. परंतु तीनशे वर्षे युरोपातल्या थोर गणितज्ञांना चकवणारे एक कोडे याच किल्लीने उघडले.

नगराध्यक्षाचा मुलगा

पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या छोट्या गावात २५ ऑक्टोबर १८११ रोजी एव्हारिस्तचा जन्म झाला. वडील निकोला-गाब्रिएल एक शाळा चालवीत. माणूस मोकळ्या विचारांचा, विनोदी, जागच्या जागी कविता जुळवणारा. १८१५ साली ते गावचे नगराध्यक्ष झाले. आई विदुषी होती. बारा वर्षांचा होईपर्यंत मुलाला तिनेच घरी लॅटिन आणि ग्रीक शिकवले. १८२३ साली त्याला पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामांकित शाळेत घातले. ही शाळा म्हणजे जवळजवळ तुरुंगच. कडक शिस्त, गजांच्या खिडक्या आणि राजकारणाने धुमसणारी मुले.

पहिली दोन-तीन वर्षे बरी गेली. मग अभ्यासातून मन उडाले आणि त्याला एका वर्गात पुन्हा बसावे लागले. नापासाचा शिक्का बसलेल्या त्या वर्षात, १८२७ च्या सुरुवातीला, तो पहिल्यांदा गणिताच्या वर्गात गेला. तिथे लजांद्र यांचे भूमितीचे पुस्तक हाती आले आणि पोराला झपाटल्यासारखे झाले. इतर विषयांचे शिक्षक शेरे मारू लागले, की मुलगा विचित्र आहे, एककल्ली आहे, याला गणिताशिवाय काही सुचत नाही. शेरे खरेच होते. तो पाठ्यपुस्तके बाजूला सारून लग्रांज यांचे मूळ लेखन वाचत होता.

१८२८ साली त्याने एकोल पॉलितेक्निक या फ्रान्समधल्या सर्वश्रेष्ठ संस्थेची प्रवेश परीक्षा नीट तयारी न करताच दिली आणि नापास झाला. त्यानंतर मात्र नशिबाने त्याला एक शिक्षक भेटला. लुई-पोल-एमिल रिशार. स्वतः मोठा संशोधक नव्हे, पण समोर कोण बसले आहे हे ओळखणारा माणूस. या मुलाला परीक्षेशिवायच पॉलितेक्निकमध्ये घ्यायला हवे, असे त्याचे मत होते. त्याने गाल्वाच्या वर्गपाठाच्या वह्या जपून ठेवल्या. त्या वह्यांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

रिशारच्या वर्गात असतानाच, १८२९ च्या एप्रिलमध्ये, गाल्वाचा पहिला निबंध छापून आला. मे महिन्याच्या अखेरीस त्याने समीकरणांवरचे आपले काम फ्रेंच विज्ञान अकादमीकडे पाठवले. तपासणीस होते ओग्युस्तँ कोशी, त्या काळचे बिनीचे गणिती. वय वर्षे सतरा. आता सगळे सुरळीत होणार, असे वाटायला हरकत नव्हती.

त्याच जुलैत घरावर आभाळ कोसळले. गावात नव्याने आलेल्या धर्मगुरूचे आणि उदारमतवादी नगराध्यक्षाचे पटेना. नगराध्यक्षाच्या नावावर बीभत्स कविता रचून गावभर पसरवण्यात आल्या. तो मानी माणूस ही बदनामी सोसू शकला नाही. २ जुलै १८२९ रोजी, मुलाच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या खोलीत, त्याने आपले आयुष्य संपवले. या धक्क्यातून सावरण्याआधीच गाल्वाला पॉलितेक्निकची दुसरी आणि नियमाप्रमाणे शेवटची परीक्षा द्यावी लागली. तो पुन्हा नापास झाला. परीक्षकाच्या अंगावर त्याने फळा पुसायचे फडके भिरकावले अशी आख्यायिका आहे. ती बाजूला ठेवू. पायऱ्या समजावून सांगायचा त्याला कंटाळा होता, एवढे मात्र खरे. जे त्याला उघड दिसत होते ते दुसऱ्याला का दिसत नाही, हेच त्याला समजत नसे.

हरवलेले कागद

यानंतरची कथा कागद हरवण्याची आहे. कोशींनी गाल्वाचा निबंध मुद्दाम गहाळ केला, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. पण १९७१ साली उजेडात आलेल्या कोशींच्याच एका पत्रावरून दिसते, की १८३० च्या जानेवारीत ते हे काम अकादमीपुढे मांडणार होते. त्या दिवशी प्रकृती बिघडल्यामुळे ते राहून गेले. गाल्वाने फेब्रुवारीत नवा निबंध लिहून अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी धाडला. तो वाचण्यासाठी चिटणीस फूरिये घरी घेऊन गेले आणि मे महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदांत निबंध सापडला नाही. पारितोषिक आबेल आणि याकोबी यांना विभागून मिळाले. त्यातला नॉर्वेचा आबेल तर आदल्याच वर्षी, सव्विसाव्या वर्षी, क्षयाने गेला होता.

१८३० च्या जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली. रस्त्यात तटबंद्या उभ्या राहिल्या. गाल्वा तेव्हा शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात होता. तिथल्या संचालकांनी दारांना कुलपे लावून विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवले. बाहेर इतिहास घडत होता आणि हा भिंतीआड. एक राजा गेला, दुसरा आला. प्रजासत्ताकाची आस धरलेल्या तरुणांची घोर निराशा झाली. गाल्वाने संचालकांवर वर्तमानपत्रात जळजळीत पत्र लिहिले आणि त्याची महाविद्यालयातून हकालपट्टी झाली.

१८३१ च्या जानेवारीत प्वासाँ या गणितज्ञाच्या सांगण्यावरून त्याने तिसऱ्यांदा निबंध लिहून दिला. उत्तराची वाट बघता बघता तो राजकारणात पुरता ओढला गेला. ९ मे रोजी एका मेजवानीत त्याने एका हातात प्याला आणि दुसऱ्या हातात उघडा सुरा धरून राजाच्या नावाचा उच्चार केला. दुसऱ्या दिवशी अटक. जूनमध्ये ज्युरींनी त्याला सोडून दिले. १४ जुलैला तो बरखास्त झालेल्या तोफखान्याचा गणवेश चढवून, हत्यारांसह, मोर्चाच्या अग्रभागी निघाला. पुन्हा अटक आणि या वेळी सहा महिन्यांची शिक्षा. सँत-पेलाजीच्या तुरुंगात असतानाच प्वासाँचा अहवाल त्याच्या हाती पडला. निबंधातली विधाने पुरेशी स्पष्ट नाहीत, त्यामुळे खरेखोटे ठरवता येत नाही, लेखकाने सगळे काम एकत्र करून पुन्हा मांडावे, असा त्याचा आशय.

प्वासाँना खलनायक ठरवणे सोपे आहे. मीही वर्गात ठरवीत असे. आज वाटते, त्या जागी बसलेला कोणीही प्रामाणिक परीक्षक कदाचित तेच लिहिता. निबंध खरोखर अतिशय त्रोटक होता. अडचण एवढीच होती, की तो बरोबर होता.

पाटांकडे परत

काय होते त्या निबंधात? आमच्या पाटांकडे परत येऊ.

द्विघाती समीकरण सोडवण्याचे सूत्र आपण सगळेच शाळेत घोकतो. त्रिघाती आणि चतुर्घाती समीकरणांची सूत्रे सोळाव्या शतकात इटालियन गणितज्ञांनी शोधली. पंचघातीला मात्र बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ-घनमूळ यांच्यापासून बनलेले सूत्र काही केल्या सापडेना. १८२४ साली आबेलने सिद्ध केले, की सर्व पंचघाती समीकरणांना लागू पडेल असे सूत्र असूच शकत नाही. गाल्वाने विचारले, मग नेमकी कोणती समीकरणे सुटतात आणि कोणती नाहीत, हे ओळखायचे कसे?

पंचघाती समीकरणाची पाच उत्तरे ही पाच भावंडे समजा. समीकरण बाहेरून बघणाऱ्याला ही भावंडे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. काही अदलाबदली अशा असतात, की त्या केल्या तरी बाहेरच्याला पत्ता लागत नाही. अशा अदलाबदलींचा जो संच, त्याला गाल्वाने गट म्हटले. गटाचे नियम साधे आहेत. त्यातल्या दोन अदलाबदली एकापाठोपाठ केल्या तर होणारी अदलाबदलही गटातच असते, आणि केलेली प्रत्येक अदलाबदल उलटी फिरवता येते. समीकरण लहान समीकरणांत फुटत नसेल, तर कोणतेही भावंड कोणत्याही पाटावर पोहोचू शकते.

आता वडिलांचा नियम घ्या. सगळ्यांनी एक पाट सरकायचे. त्यातून फक्त ५ अदलाबदली होतात. त्यात दोन शेजाऱ्यांची एकच अदलाबदल मिसळा. सरकण्याचा नियम तीच अदलाबदल प्रत्येक शेजारजोडीपर्यंत नेऊन पोहोचवतो. आणि शेजाऱ्यांच्या अदलाबदलींतून कोणतीही मांडणी करता येते. हातातले पत्ते आपण याच रीतीने लावतो की! म्हणजे ५ चे थेट १२० झाले. अदलाबदल शेजाऱ्यांची नसून एकाआड एकाची असली तरी फरक पडत नाही. दोन-दोन पाट सोडून फिरले तरी पाच पाटांचा फेरा पुरा होतो, कारण ५ ही मूळ संख्या आहे. पाट सहा असते आणि समोरासमोरच्या दोघांनी जागा बदलल्या असत्या, तर गोष्ट आटोक्यात राहिली असती. ७२० पैकी २४ च अदलाबदली हाती लागल्या असत्या.

तेव्हा पाच पाटांवर दोघांची अदलाबदल एकदा शिरली की सारा गड ढासळतो. ती पूर्ण बंद ठेवली तर गट जास्तीत जास्त ६० चा होतो. आणि तिघांनी गोल फिरून जागा बदलणे, तेही बंद केले तर? मग गट २० च्या वर जाऊच शकत नाही. ६० आणि २० यांच्या मध्ये काहीही नाही.

हे वीस कुठून आले, ते गाल्वाच्याच वाटेने बघू. मूळसंख्याघाती समीकरणांबद्दल त्याने सांगितले, की ते मुळांच्या सूत्राने सुटायचे असेल तर त्याच्या गटाला एक कडक अट पाळावी लागते. दोन भावंडे जागची हलली नाहीत, तर कोणीच हललेले असता कामा नये. दोघांच्या अदलाबदलीत तिघे जागचे जागी राहतात, म्हणून ती बाद. तिघांच्या फेऱ्यात दोघे जागचे जागी राहतात, म्हणून तोही बाद. या अटीमुळे पहिली दोन भावंडे कुठे गेली एवढे कळले, की बाकीची कुठे गेली हे आपोआप ठरते. पहिल्याला ५ जागा, दुसऱ्याला उरलेल्या ४. पाच चोक वीस. संपले! सात पाट असतील तर सात सक बेचाळीस, आणि तेही ५,०४० पैकी.

वीसचा गट पायरी पायरीने उतरवता येतो. वीसचे दहा, दहाचे पाच, पाचाचा एक. प्रत्येक पायरी म्हणजे एकेक मूळ काढणे. दोनदा वर्गमूळ, एकदा पाचवे मूळ, आणि भावंडे वेगवेगळी ओळखू येऊ लागतात. ६० चा गट मात्र कातळासारखा आहे. त्याच्या अशा पायऱ्या पाडता येत नाहीत. क्षचा पाचवा घात उणे ६ क्ष अधिक ३ बरोबर शून्य, हे साधे दिसणारे समीकरण घ्या. ते लहान समीकरणांत फुटत नाही. त्याची तीन उत्तरे साध्या संख्या आहेत आणि दोन काल्पनिक. त्या दोन काल्पनिक उत्तरांची अदलाबदल गटात येते, त्यामुळे गट सगळाच्या सगळा १२० चा होतो. सूत्राचा शोध तिथेच थांबतो. माझ्या वडिलांनी कपाळावर हात मारला, तो याच ठिकाणी.

शेवटचे तीन दिवस

१८३२ च्या वसंतात पॅरिसला पटकीची साथ आली. कैद्यांपैकी ज्यांची प्रकृती नाजूक होती त्यांना हलवण्यात आले. १६ मार्चला गाल्वाची रवानगी एका खासगी शुश्रूषागृहात झाली. तिथे स्तेफानी नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला आणि तिने त्याला नकार दिला. एप्रिलअखेर तो सुटला. महिन्याभरात द्वंद्वाचे आव्हान समोर उभे राहिले. त्यामागे प्रेमभंग होता की राजकारण, यावर अभ्यासक आजही भांडतात.

२९ मेच्या रात्री त्याने मित्र ओग्युस्त शेव्हालिए याला लांबलचक पत्र लिहिले. आपण काय काय शोधले याचा तो गोषवारा होता. तिसऱ्या निबंधाच्या प्रतीतही त्याने दुरुस्त्या केल्या आणि एके ठिकाणी समासात नोंदवले, की सिद्धतेत थोडी भर घालायला हवी, पण वेळ नाही. या एका नोंदीवरून पुढे सगळे गणित एका रात्रीत लिहिल्याची दंतकथा उभी राहिली. प्रत्यक्षात मुख्य काम दीड-दोन वर्षांपूर्वीच झाले होते, आणि तीनदा अकादमीच्या दाराशी जाऊन आले होते. टोनी रॉथमन या अभ्यासकाने १९८२ साली ही दंतकथा पुराव्यांनिशी खोडून काढली. मला ते वाचून आधी वाईट वाटले. मग जाणवले, की एका रात्रीची जादू मुलांना सांगण्यापेक्षा तीनदा नाकारल्यावरही चौथ्यांदा लेखणी उचलणारा मुलगा सांगावा, हे अधिक बरे.

३० मेच्या सकाळी पोटात गोळी लागली. वाटसरूने रुग्णालयात पोहोचवले. धाकटा भाऊ आल्फ्रेड धावत आला आणि रडू लागला. गाल्वाने त्यालाच समजावले, की रडू नकोस, विसाव्या वर्षी मरायला सारे धैर्य एकवटावे लागते. ३१ मे १८३२ ला सकाळी तो गेला. मोंपार्नासच्या स्मशानात सार्वजनिक खड्ड्यात त्याला पुरले. आज त्या जागेची खूण नाही.

आल्फ्रेड आणि शेव्हालिए यांनी सगळे कागद पुन्हा उतरवून काढले. अकरा वर्षांनी, १८४३ साली, ल्यूव्हिल या गणितज्ञाने ते काळजीपूर्वक वाचले आणि निबंध बरोबर असल्याचे अकादमीला सांगितले. १८४६ साली ते छापले. साऱ्या जन्माचे गणित मिळून साठेक पाने. १८७० साली कामीय जोर्दांने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पाटांचा खेळ पाचावरून कितीही पाटांवर नेला. पाटांचे सारखे कप्पे पाडून ते कप्पे अखंड ठेवता येत नसतील, तर तिघांचा एक फेरा शिरताच गट एकूण अदलाबदलींच्या निदान निम्मा होतोच, हे त्याने दाखवले.

एक वही

आता माझी गोष्ट. १९८० च्या सुमारास माझ्या रात्रशाळेच्या वर्गात एक मुलगा होता. दिवसा गिरणीत बदली कामगार. वर्गात पेंगायचा, पण उदाहरण फळ्यावर पडले की खडू खाली ठेवायच्या आत उत्तर सांगायचा. वहीत नुसते उत्तर, पायऱ्या नाहीत. मी पाचपैकी एक गुण द्यायचो आणि लाल शाईने पायऱ्या कुठे, असे विचारायचो. एकदा सर्वांसमोर कॉपीचा संशयही बोलून दाखवला. तो काही बोलला नाही. १९८२ च्या संपात गिरणगाव उठले. तो गावी गेला तो परत आला नाही. त्याची वही वर्षअखेर माझ्याकडेच राहिली होती. मी ती रद्दीत घातली.

रिशारने मात्र वह्या जपल्या. पुढे त्याच्या वर्गात शार्ल एर्मीत नावाचा मुलगा आला, तेव्हा त्याने गाल्वाच्या वह्या त्याच्या हवाली केल्या. याच एर्मीतने १८५८ साली पंचघाती समीकरण सोडवून दाखवले. मुळांच्या सूत्राने ते शक्यच नव्हते. त्याने अगदी वेगळी, लंबवर्तुळांशी नाते सांगणारी फलने वापरली. शिक्षकाने जपलेली वही कुठे जाऊन पोहोचेल, हे सांगता येत नाही.

पायऱ्या लिहू नयेत, असे मी म्हणत नाही. गाल्वाने थोड्या अधिक पायऱ्या लिहिल्या असत्या, तर प्वासाँला कदाचित रस्ता सापडला असता. पण ज्याला उत्तर दिसते आणि वाट सांगता येत नाही, त्याला बोलते करणे हे काम परीक्षकाचे आणि शिक्षकाचे आहे. मी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावून, कसे दिसले ते सांग बरे, एवढे जरी म्हटले असते, तरी पुरे होते.

आता घोडपदेवच्या नाक्यावर भाजीवाल्याच्या गाडीला चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड लटकलेला असतो. एका कोपऱ्यावर पालकाचा चिखल उडालेला. तरी मोबाइल समोर धरला की पैसे बरोबर जातात. पुसलेले ठिपके भरून काढणारे जे गणित त्यामागे आहे, ते गाल्वाने १८३० साली मांडलेल्या मर्यादित अंकांच्या हिशेबावर उभे आहे, आणि त्या अंकव्यवस्थेला जगभर त्याचेच नाव आहे. चिखलाने झाकलेल्या खुणांतूनही नेमका मजकूर ओळखण्याची ही विद्या. मी दहा रुपयांची कोथिंबीर घेतो, मोबाइल खिशात टाकतो आणि घराकडे वळतो. लाल शाईने भरलेली ती वही मात्र दरवेळी आठवते.